पोर्टलंड प्लेसवर, ऑफिस सुटल्यावर

आज ४ जून. हाँगकाँगच्या मैत्रिणीसोबत लंडनच्या चिनी दूतावासासमोर उभी होते. १९८९ साली बीजिंगच्या तियानआनमेन चौकातल्या लोकशाही आंदोलनात मारल्या गेलेल्यांसाठी मेणबत्त्या. हे हाँगकाँगच्या व्हिक्टोरिया पार्कात ३० वर्षं चालायचं, २०२० पासून बंदी. वारा असा की माझी मेणबत्ती चारदा विझली.

हाँगकाँगचा लोकशाहीवादी नेता नेथन लॉ याचा विषय निघाला. २०१६ मध्ये २३ व्या वर्षी तिथल्या विधिमंडळावर निवडून आला, पुढच्याच वर्षी अपात्र ठरवला गेला. २०२० मध्ये लंडनला आला तेव्हा घरच्यांशी संबंध तोडल्याचं त्याने जाहीर केलं, त्यांना झळ नको म्हणून. २०२३ मध्ये त्याच्यासह आठ जणांवर प्रत्येकी १० लाख हाँगकाँग डॉलरचं इनाम लागलं, आणि हाँगकाँग पोलिसांनी त्याच्या आईवडिलांना, भावाला चौकशीला नेलंच! मग तोडून काय मिळालं?

मैत्रीण मास्क लावून होती. मला वाटलं, सर्दी असेल (किती बावळट मी). फोटोसाठी मोबाईल वर केला, तर तिने हळूच माझा हात खाली केला. तिचे आईबाबा अजून तिकडेच आहेत.

घरी आले तर आईचा व्हॉइस मेसेज पडलेला. "जेवलीस का गं?" दोनदा ऐकला. भारतात रात्रीचा दीड वाजलाय, नाहीतर लगेच फोन लावला असता.