युतीत असून शिवसेनेनं प्रतिभाताईंना मत का दिलं?

स्पर्धा परीक्षेच्या वर्गात राष्ट्रपतीची निवडणूक शिकवायला घेतली की हा प्रश्न ठरलेला. हल्ली लग्नकार्यातही कुणीतरी गाठून विचारतं : २००७ साली शिवसेना भाजपसोबत होती, मग पाठिंबा काँग्रेसच्या प्रतिभा पाटलांना कसा? आणि त्यापायी कुणाची आमदारकी कशी गेली नाही?

आमदारकीचं आधी सांगतो, कारण ते सोपं आहे. या निवडणुकीत व्हिप, म्हणजे अमुकलाच मत द्या हा पक्षाचा सक्तीचा आदेश, चालत नाही. मतदान गुप्त, आमदाराची मतपत्रिका गुलाबी, खासदाराची हिरवी. शिक्का मारायचा नाही, पसंतीचे आकडे लिहायचे. विधान परिषदेच्या आमदारांना मतच नाही (हे ऐकून वर्गात दरवेळी कुणीतरी चमकतं). फळ्यावर भागाकार मांडतो : १९७१ ची महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५. तिला २८८ आमदारांनी भागा, मग हजारानं. उत्तर १७५. आपल्या एका आमदाराच्या मताची किंमत एवढी. उत्तर प्रदेशात ती २०८, सिक्कीममध्ये ७. सगळी विधानसभा धरली तर ५०,४००. एवढ्या मतांची नाराजी कुठल्याच आघाडीला परवडत नाही.

आता पाठिंब्याचं. भाजपनं भैरोंसिंह शेखावतांच्या मागे ताकद लावली होती. ते अपक्ष म्हणून उभे होते. बाळासाहेबांनी मात्र मराठी माणूस राष्ट्रपती होतोय म्हणत ताईंना कौल दिला. ताई जळगाव जिल्ह्यातल्या, १९६२ पासून विधानसभेत, पुढे अमरावतीच्या खासदार. गंमत अशी, की सासरच्या नावानं त्याही शेखावतच! ताईंना ६,३८,११६ मतमूल्य मिळालं, समोर ३,३१,३०६. सेना नसती तरी त्या आल्याच असत्या.

मराठी अस्मिता खरीच होती, पण तेवढ्यावर माझं समाधान होत नाही. २०१२ मध्ये सेनेनं पुन्हा भाजपची वाट सोडून प्रणव मुखर्जींना साथ दिली. तिथे कुठे मराठीपण होतं? २०२२ मध्ये तर उद्धव ठाकरे महाविकास आघाडीत असताना, पक्ष नुकताच फुटलेला असताना, द्रौपदी मुर्मूंच्या बाजूनं गेले आणि काँग्रेस चिडली. माझ्या मते ही निवडणूक म्हणजे मित्रपक्षाला आपलं वजन दाखवायची स्वस्तातली संधी. सरकार पडत नाही, आमदारकी जात नाही, आणि निरोप बरोब्बर पोचतो.

यावर मुलं हमखास विचारतात, ‘सर, मग २००७ ला सेनेच्या सगळ्या आमदारांनी खरंच ताईंनाच दिलं का?’ राज्यवार बेरीज जाहीर होते, नावं नाहीत. त्यामुळे ते ज्याचं त्याला ठाऊक.