‘शिक्षक’ या शब्दापाशी अडलेला माझा अर्ज

गेली २२ वर्षे मी मुंबईत जॅझ गिटार वाजवतो, वाद्यवृंदासाठी रचना करतो आणि दादरच्या राहत्या घरी विद्यार्थ्यांना शिकवतो. एका विद्यापीठाच्या संगीत विभागात ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ म्हणून माझी नेमणूक नुकतीच झाली. मात्र त्या अर्जाचे चार महिने आस्थापना विभागातील एका टेबलावर वाया गेले. इतर वादकांचे तरी ते वाचावेत, म्हणून हे लिहीत आहे.

आपापल्या क्षेत्रातल्या अनुभवी व्यावसायिकांना विद्यापीठात शिकवायला घेण्याची ही योजना विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केली. तिच्यात पीएच.डी. आणि शोधनिबंधांची अट नाही. आपल्या व्यवसायातील किमान १५ वर्षांचा अनुभव लागतो. निमंत्रणाची वाट न पाहता सविस्तर बायोडेटा आणि आपण काय देऊ शकू याचे टिपण कुलगुरूंकडे स्वतः पाठवता येते. वाणिज्य शाखेच्या पदवीवर आयुष्यभर गिटार वाजवलेल्या माझ्यासारख्या माणसाला विद्यापीठात शिरण्याची एवढीच वाट होती. विभागप्रमुखांनी मनापासून शिफारस केली आणि अर्ज आठवडाभरात छाननीला गेला.

तिथेच तो अडला. बायोडेटाच्या पहिल्या ओळीत मी ‘जॅझ गिटारवादक, संगीतकार आणि संगीतशिक्षक’ असे लिहिले होते. त्यातल्या ‘शिक्षक’ या शब्दाखाली कोणीतरी पेन्सिलीने दोनदा रेघ ओढून समासात ‘अपात्र?’ असे लिहिले होते. अध्यापनाच्या पदावर असलेल्या किंवा त्यावरून निवृत्त झालेल्या व्यक्तींना ही योजना खुली नाही, असे मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे, आणि टेबलावरच्या गृहस्थांनी त्याचा अर्थ ‘जो शिकवतो तो बाद’ असा लावला होता. “सर, तुम्ही शिकवता हे तुम्हीच लिहिलंय,” ते म्हणाले. घरातली शिकवणी म्हणजे विद्यापीठातले पद नव्हे, हे मी सांगितले, तेव्हा त्यांनी मला तोडगा सुचवला: “तो एक शब्द काढा आणि नवा अर्ज द्या.”

मी तो शब्द काढला नाही. पुढचे तीन महिने त्याच नकारामुळे गेले आणि आजही मला त्याचा पश्चात्ताप नाही. १९३६ साली मुंबईत जन्मलेले गोमंतकीय वंशाचे गिटारवादक अमान्सियो डिसिल्वा १९६७ मध्ये लंडनला गेले. १९६९ मध्ये त्यांनी सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांच्यासोबत ‘हम दोनो’ हा अल्बम केला, आणि पुढे त्याच शहरात ते संगीत शिकवत राहिले. कोलकात्याचे कार्लटन किट्टो २०१६ मध्ये निवर्तले. तेही वर्षानुवर्षे बीबॉप ही जॅझमधली वेगवान शैली गिटारवर वाजवत आणि शिकवत आले होते. या माणसांच्या ओळखीतून ‘शिक्षक’ खोडला, तर मागे उरते ती निम्मीच कारकीर्द. आपल्याकडे जॅझ गिटार टिकली ती अशाच घरगुती खोल्यांतून, आणि त्या खोल्या लपवून मला विद्यापीठात शिरायचे नव्हते.

त्या काळात मी सहा वेळा त्या कार्यालयात गेलो. दर वेळी ‘फाइल वर गेली आहे’ एवढेच उत्तर मिळे. ती कोणाकडे गेली हे कोणी सांगत नसे. एकदा तर शेजारच्या कपाटावर माझीच फाइल पडलेली दिसली. तिच्या लाल नाडीवर धूळ बसली होती आणि वर चहाच्या कपाचा गोल डाग होता. मी ती बोटाने दाखवली, तेव्हा गृहस्थांनी निमूटपणे उचलून टेबलावर ठेवली. त्या दिवशी मी खरोखर संतापलो होतो. (आवक क्रमांक पहिल्याच दिवशी लिहून घ्यावा, हे मला तेव्हा कळले. माझ्याकडे तो नसल्याने फाइल कपाटावर किती दिवस होती, हे मला विचारताही आले नाही.)

शेवटी मी मार्गदर्शक सूचनांची प्रत घेऊन थेट उपकुलसचिवांना भेटलो. त्यांनी ते कलम दोनदा वाचले आणि विचारले, “तुम्हाला पगार कोण देतं?” मी म्हणालो, “पगार नाही मॅडम, विद्यार्थी महिन्याची फी देतात.” त्या म्हणाल्या, “मग हे पद नाही. कलमात पद म्हटलंय, शिकवणं नाही.” कोणत्याही शैक्षणिक संस्थेत मी पदावर नाही आणि नव्हतो, असे प्रतिज्ञापत्र नोटरीकडे करून द्यायला त्यांनी सांगितले. ते मी दुसऱ्याच दिवशी दिले आणि १२ दिवसांत निवड समितीचे पत्र आले.

अनुभवाच्या पुराव्याचे सांगायचे राहिले. ज्या हॉटेलात मी नऊ वर्षे आठवड्यातून चार रात्री वाजवले, तिथे व्यवस्थापन बदलल्यामुळे अनुभवपत्र मिळेना. अशा वेळी प्राप्तिकराचे २६एएस विवरण कामी येते. मानधनातून कर कापला गेला असेल, तर कापणाऱ्याचे नाव आणि रक्कम त्यात वर्षवार दिसते, आणि २००८-०९पर्यंत मागे जाता येते. रोखीने वाजवलेल्या रात्रींचा मात्र कुठेच माग लागत नाही. म्हणून तरुण वादकांनी प्रत्येक कार्यक्रमाचे पत्र, निदान छापील कार्यक्रमपत्रिका तरी, आजपासूनच जपून ठेवावी.

समितीसमोर मला वाजवून दाखवायला सांगितले. मी दोनच स्वरांचे कॉर्ड, म्हणजे एकाच वेळी छेडलेले स्वर, वाजवले. षड्ज बास गिटारवर सोपवून गिटारवादकाने फक्त गंधार आणि निषाद धरायचे. मग पहिल्या कॉर्डचा कोमल निषाद अर्धा स्वर उतरतो आणि पुढच्या कॉर्डचा गंधार होतो, तर दुसरे बोट जागचे हलतही नाही. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी गिटार मागून घेतली आणि स्वतः ते करून पाहिले. दुसऱ्या खेपेला त्यांना ते जमले.

नेमणूक एका वर्षाची आहे. कामगिरी पाहून ती वाढते. एरवी कमाल मुदत तीन वर्षांची असते. आदेशासोबत जोडलेल्या माझ्या बायोडेटाच्या पहिल्या ओळीत तिन्ही शब्द तसेच आहेत आणि ‘शिक्षक’ या शब्दाखालच्या पेन्सिलीच्या दोन्ही रेघा अजून पुसलेल्या नाहीत.