बकुळा बाजूला बसली

आई पुण्याहून न्यू जर्सीला आली त्याच संध्याकाळी, बॅगा उघडायच्या आधी, तिने बकुळाचं निदान केलं. "हिला भस्म्या झालाय गं."

तेरा वर्षांची आमची मांजर. दिवसाला चार डबे फस्त करायची आणि तरी पाच किलोवरून साडेतीनवर आली होती. रात्री तीनला जिन्यात उभी राहून गळा काढायची. मी आपली म्हातारपण समजून चालले होते. रक्त तपासलं तर टी-फोर, म्हणजे थायरॉईडचं हार्मोन, ११, जे चारच्या आत हवं. म्हाताऱ्या मांजरांत थायरॉईडवर गाठ येऊन तो असा माजणं सर्रास होतं म्हणे, आणि ती गाठ क्वचितच कॅन्सरची असते.

आधी गोळ्या झाल्या, सकाळ-संध्याकाळ. मांजरीला गोळी देणं हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. दोन महिन्यांत तिने तोंड खाजवून खाजवून रक्त काढलं. गोळ्या बंद. मग डॉक्टरीणबाईंनी किरणोत्सारी आयोडीन सुचवलं.

रेडिएशन म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे अवाढव्य मशीन, रोजची भूल आणि झडलेले केस आले. कुत्र्यामांजरांच्या कॅन्सरला ते सगळं करतात, पण इथे त्यातलं काहीच नव्हतं. कातडीखाली एक इंजेक्शन, एकदाच. शरीरात आयोडीन लागतं ते मुख्यतः थायरॉईडला, आणि माजलेल्या पेशी ते अधाशासारखं ओढून घेतात. त्यातून निघणारे बीटा कण जेमतेम एक-दोन मिलिमीटर जातात, म्हणून जळतं ते तेवढंच. चांगल्या पेशी या काळात सुस्तावलेल्या असतात, त्या बचावतात. शंभरातल्या पंचाण्णव मांजरी एका इंजेक्शनात बऱ्या होतात.

"अगं, हे तर माईला परळला प्यायला दिलं होतं," आई म्हणाली. माई म्हणजे माझी मावशी. परळचं ते रेडिएशन मेडिसिन सेंटर भाभा अणुसंशोधन केंद्राचं, १९६३ पासूनचं. माईने औषध घेतलं आणि आठवडाभर नातवाला जवळ घेतलं नाही, एवढं घरात सगळ्यांना आठवतं.

खरी मेख तिथेच होती. बीटा आत राहतात, पण त्याच आयोडीनचे गॅमा किरण शरीराबाहेर पडतात. म्हणजे काही दिवस मांजरच किरणोत्सारी. दवाखान्यात चार रात्री, भेटायला जायचं नाही. "सोबत जे द्याल ते परत मिळणार नाही," असं सांगितलं होतं, तेव्हा आईने स्वतःच्या जुन्या पातळाचा तुकडा फाडून दिला. रोज एक फोटो यायचा. त्यात बकुळा आमच्याकडे पाठ करून त्या पातळावर.

पाचव्या दिवशी किरणोत्सार मोजायचं यंत्र लावून पाहिलं, आकडा मर्यादेत आला आणि तिला घरी सोडलं. सोबत दोन पानी नियम. चौदा दिवस अंथरुणात घ्यायचं नाही. मांडीवर नाही. कुरवाळलं तर मिनिटभर, मग साबणाने हात धुवायचे. लिटर, म्हणजे तिच्या शी-शूची वाळू, हातमोजे घालूनच काढायचं. लहान मुलं आणि गरोदर बायका यांनी लांब राहायचं. भाचीचं डोहाळजेवण आमच्याकडे ठरलं होतं, ते हॉल शोधून तिकडे हलवलं. (हॉलचं भाडं औषधाच्या १,९०० डॉलरमध्ये धरायचं का, यावर नवऱ्याचं आणि माझं अजून एकमत नाही.)

कॉलेजला गेलेल्या मुलाची खोली तिला दिली. मी दाराशी खुर्ची टाकून बसायची, ती पलंगाच्या टोकाला. ती उठून माझ्याकडे यायची, मी उठून लांब जायची. तिला काय कळणार? पहिल्या दोन रात्री ती दार ओरबाडत होती. तिसऱ्या रात्री थांबली, तेव्हा मला जास्त वाईट वाटलं. इंजेक्शन, खर्च, मूत्रपिंडं या सगळ्याची तयारी मी केली होती, याची नाही.

साताऱ्याच्या घरी आजी मला महिन्यातून चार दिवस कोपऱ्यातल्या चटईवर बसवायची. वेगळं ताट, वेगळा तांब्या. मी आईशी त्यावरून कडाकडा भांडले होते. आता आई बोळात वाती वळत बसायची आणि दारातून बकुळाशी बोलायची. एकदा माझ्याकडे न बघताच म्हणाली, "हिच्या बाजूला बसण्याला निदान काही हिशेब तरी आहे."

हिशेब होताच. या आयोडीनचं अर्धायुष्य आठ दिवस. आईला मी भाकरीवर समजावलं: आठ दिवसांनी अर्धी, सोळा दिवसांनी चतकोर, चोवीस दिवसांनी नितकोर. असं दहा वेळा झालं की ऐंशी दिवस होतात, आणि हजारावा हिस्साही उरत नाही. तोवर वापरलेलं लिटर कचऱ्यात टाकायचं नाही. कचरा डेपोच्या फाटकावर किरणोत्सार मोजणारी यंत्रं असतात. ती वाजली की ट्रक अडवतात. त्या पिशव्या आमच्या गॅरेजमध्ये, लोणच्याच्या बरणीवर लावतो तशा तारखेच्या चिठ्ठ्या लावून.

महिन्याने तपासलं. टी-फोर २.१. वजन चार किलोला टेकलं. रात्रीचं ओरडणं बंद. पण क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं थकली की रक्तात वाढतं ते, १.६ वरून २.३ झालं. डॉक्टरीणबाईंनी हे आधीच बजावलं होतं: थायरॉईड माजलेला असताना रक्त जोरात धावतं, मूत्रपिंडंही जास्त गाळतात, आणि त्यांचं दुखणं झाकलं जातं. गोळ्यांवर असतानाच त्यांनी मूत्रपिंडं मुद्दाम तपासून घेतली होती, म्हणजे थायरॉईड उतरल्यावर काय होईल याचा अंदाज यावा. तुम्ही या वाटेने जाणार असाल तर ती तपासणी टाळू नका. आता बकुळाचं पथ्याचं खाणं सुरू आहे आणि घरात पाण्याच्या तीन वाट्या ठेवल्यात. ती मात्र अजून नळाचंच पिते.

पंधराव्या दिवशी मी दार उघडं टाकलं. ती माझ्या मांडीवर आली नाही. सरळ आईकडे गेली, वातींच्या कापसात बसली.

आई गेल्या आठवड्यात परतली. काल फोनवर आधी हवापाणी, मग गुडघे, मग विचारलं, "टाकल्यास का गं त्या पिशव्या?"

"अजून नऊ दिवस आहेत."

"मोजतेयस ना नीट?"