गोष्ट सांगतोय कोण?

न्यू जर्सीतल्या शाळेत मी दहावीला इंग्रजी साहित्य शिकवते. या सत्रात आम्ही वाचतोय 'हॅमिल्टन', लिन-मॅन्युएल मिरांडा यांचं २०१५ सालचं संगीत नाटक. अमेरिकेचा पहिला अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याचं आयुष्य त्यात बरंचसं रॅपमधून उलगडतं. बऱ्याच मुलांना गाणी तोंडपाठ आहेत. याचा मला फार उपयोग होतो, कारण पाठ असलेल्या ओळीवर मुलं हवा तितका वेळ रेंगाळतात.

पहिल्या तासाला मी एवढंच विचारते: ही गोष्ट सांगतोय कोण? आपल्या संगीत नाटकातला सूत्रधार नांदी-प्रवेश आटोपला की बाजूला होतो. इथला सूत्रधार ॲरन बर मात्र कथेतच वावरतो, आणि हॅमिल्टनवर गोळी झाडणाराही तोच. ते द्वंद्व ११ जुलै १८०४ रोजी आमच्याच राज्यात, हडसनकाठच्या वीहॉकनला झालं. बर तेव्हा देशाचा उपाध्यक्ष होता. पहिल्याच गाण्यात तो हे कबूल करतो. मग ज्याने मारलं, त्यालाच ही गोष्ट का सांगावीशी वाटते? पश्चात्ताप? मत्सर? स्वतःची बाजू मांडायची म्हणून? मुलं तावातावाने भांडतात, पण नुसतं 'मला वाटतं' इथे चालत नाही. आपण शाळेत 'संदर्भासह स्पष्टीकरण' लिहायचो तेव्हा ओळ प्रश्नपत्रिकेतच असायची. इथे आधी मत मांडायचं आणि त्याला आधार देणारी ओळ स्वतः शोधायची.

सगळ्यात रंगतो तो स्वल्पविरामाचा तास. हॅमिल्टनच्या पत्राच्या मायन्यात एक स्वल्पविराम भलत्या जागी पडलेला असतो आणि त्याची मेव्हणी अँजेलिका त्यावरून त्याच्या मनाचा ठाव घेऊ पाहते. मेसेजमधल्या पूर्णविरामावरूनही राग ओळखणाऱ्या या पोरांना ते लगेच कळतं. मग मी इतिहास पुढे ठेवते. नाटकातली अँजेलिका अविवाहित असताना हॅमिल्टनला भेटते आणि बहिणीसाठी मागे सरते. प्रत्यक्षात तिचं लग्न १७७७ मध्येच झालं होतं, हॅमिल्टन आणि एलायझाचं १७८० मध्ये. "म्हणजे लेखकाने फसवलं," असं कोणीतरी म्हणतंच. पण या बदलातून नाटकाला काय मिळालं, हे शोधू लागल्यावर चर्चेला खरी धार येते.

शेवटी कथेची सूत्रं एलायझाकडे जातात. पतीनंतर ती पन्नास वर्षं जगली, अनाथाश्रम उभारण्यात पुढे राहिली. पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो यानंतरचा प्रश्न: कोणाला बोलूच दिलेलं नाही? वॉशिंग्टन, जेफर्सन यांच्याकडे गुलाम होते. त्यांच्या भूमिका कृष्णवर्णीय नटांनी गाजवल्या, तरी नाटकात एकाही गुलामाला स्वतःचं गाणं नाही. सत्राअखेरच्या निबंधाला मी हाच विषय दिला आहे. जे लिहिलेलंच नाही त्याचा पुरावा द्यायचा कसा, यावर सध्या वर्ग झगडतोय. एका गटाने सुरुवात पात्रयादीपासून केली आहे.