नाव, वडिलांचे नाव आणि गाव

ग्वाल्हेरहून भिंडच्या रस्त्याला लागले की मालनपूरचे कारखाने मागे पडतात आणि मोहरीची शेते सुरू होतात. त्या शेतांच्या कडेला, शाळांच्या आवारात, गावाच्या तोंडाशी बांधलेल्या चौथऱ्यांवर फौजी गणवेशातले अर्धपुतळे जागोजागी भेटू लागतात. भिंड आणि मुरैना हे जिल्हे बाहेरच्या लोकांना चंबळच्या बीहडांमुळे, म्हणजे पाण्याने कापलेल्या मातीच्या घळींमुळे, आणि तिथल्या बागींमुळे ठाऊक आहेत, याचे मला फार वाईट वाटते, कारण या जिल्ह्यांनी डाकूंपेक्षा कितीतरी पटींनी अधिक सैनिक दिले आहेत. इथली जमीन भावाभावांत वाटली जाऊन तुकड्यावर येते, बीहड दर पावसाळ्यात तिचा आणखी थोडा भाग गिळतो, आणि पहाटे अंधारात सडकेवर भरतीसाठी धावण्याचा सराव करणारी मुले दिसली नाहीत असा दिवस सहसा जात नाही. एक मुलगा शेतावर आणि एक फौजेत, अशी या भागातल्या घरांची पिढ्यान्‌पिढ्यांची घडी आहे. या घरांतून गेलेल्यांपैकी जे युद्धात कामी आले, त्यांची नावे गावनिहाय एकत्र लिहून काढली पाहिजेत, असे मला मनापासून वाटते. ते आजवर का झाले नाही, हे सांगायचे तर त्या पुतळ्यांपासूनच सुरुवात करावी लागेल.

मेहगाव तहसिलीतल्या एका गावातला पुतळा मी जवळून पाहिला आहे. सिमेंटचा चौथरा, भोवती लोखंडी जाळी, जाळीला कुलूप आणि कुलपाची किल्ली सैनिकाच्या धाकट्या भावाकडे. पुतळ्याला हिरवा रंग दिलेला असून मिशा काळ्या रंगाने ठळक केलेल्या आहेत आणि दर जुलैमध्ये हा रंग नव्याने दिला जातो. खालच्या संगमरवरी पाटीवर आधी सैनिकाचा क्रमांक, मग हुद्दा, नाव, पलटण, वडिलांचे नाव, गाव, तहसील आणि शेवटी दिनांक व ठिकाण कोरलेले आहे. पाटी कुटुंबाने स्वतःच्या खर्चाने बसवली. शेत ज्या बाजूला आहे त्या बाजूला पुतळ्याचे तोंड असावे, असा वडिलांचा आग्रह होता. म्हणून तो रस्त्याकडे पाठ करून उभा आहे, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला पाटी वाचण्यासाठी चौथऱ्याला वळसा घालून जावे लागते.

असे पुतळे पाहत गेल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. मी पाहिलेल्या जवळजवळ सर्व पाट्यांवरचे दिनांक १९९९ किंवा त्यानंतरचे आहेत. याचे कारण १९९९ च्या कारगिल युद्धात आहे. त्या युद्धात आपले ५२७ सैनिक धारातीर्थी पडले, आणि त्यांचे पार्थिव तिरंग्यात लपेटून थेट त्यांच्या गावी पोहोचवण्याची पद्धत तेव्हापासून रूढ झाली. १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत तसे होत नसे. अंत्यसंस्कार बहुधा रणभूमीच्या आसपासच उरकले जात आणि घरी तार येई. एका गावात १९७१ मध्ये नवरा गमावलेल्या आजींना मी त्या दिवसांविषयी विचारले, तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "तार आयी थी, फिर पेटी आयी थी." पेटीत कपडे, दाढीचे सामान आणि घरून गेलेली पत्रे होती. कारगिलच्या सैनिकाची चिता गावाने स्वतः पाहिली, सलामीच्या फैरी ऐकल्या, आणि जिथे चिता पेटली तिथेच पुढे चौथरा उभा राहिला. तारेने आलेल्या मृत्यूला गावात अशी जागाच मिळाली नाही, म्हणून त्या आधीच्या तीन युद्धांतली माणसे आज फक्त घरच्यांच्या आठवणीत आहेत आणि ते घरचे लोकही आता थकले आहेत.

दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकात या सर्वांची नावे आहेत, हे खरे आहे. २५ फेब्रुवारी २०१९ रोजी हे स्मारक राष्ट्राला अर्पण झाले, आणि त्याच्या त्यागचक्रात स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्या पंचवीस हजारांहून अधिक सैनिकांच्या नावांच्या ग्रॅनाइटच्या विटा रचलेल्या आहेत. तिथे उभे राहिल्यावर ऊर भरून येतो. परंतु ती रचना राष्ट्राची आहे. नाव, हुद्दा आणि पलटण हीच तिथली ओळख. भिंडच्या माणसाने आपल्या तहसिलीतली नावे तिथे शोधायची म्हटली, तर त्याला कुणाचे नाव शोधायचे हे आधीच ठाऊक असावे लागते.

त्याही मागे गेले की अंधार अधिक दाट होतो. पहिल्या महायुद्धात भिंड आणि तेव्हा तोंवरघार म्हणून ओळखला जाणारा मुरैन्याकडचा मुलूख शिंदे सरकारच्या ग्वाल्हेर संस्थानात होता. दरबाराने आपल्या इंपीरियल सर्व्हिस पलटणी, म्हणजे साम्राज्याच्या मदतीसाठी संस्थानांनी राखलेल्या पलटणी, इंग्रजांकडे पाठवल्या. नोव्हेंबर १९१४ मध्ये जर्मन पूर्व आफ्रिकेतल्या टांगा बंदरावर जी फौज चालून गेली, तिच्यात काश्मीरच्या रायफल पलटणींच्या जोडीला ग्वाल्हेरच्या तिसऱ्या इन्फंट्रीची अर्धी पलटण होती. ती मोहीम सपशेल फसली, आणि पुढे पूर्व आफ्रिकेत गोळीपेक्षा हिवतापाने आणि आमांशानेच अधिक माणसे गेली. ग्वाल्हेरची आणखी एक पलटण सुएझ कालव्याच्या रक्षणासाठी इजिप्तमध्ये होती. माधवराव महाराजांच्या पुढाकाराने संस्थानिकांनी 'लॉयल्टी' नावाचे इस्पितळ-जहाज सज्ज केले, ते इतिहासात नोंदले गेले आणि ते योग्यच झाले. त्याच दरबारच्या शिपायांची नावे मात्र आमच्या ग्वाल्हेर शहरात कुठे विचारावीत, हे मला कुणी सांगू शकले नाही.

पुष्कळांना वाटते की ही सगळी नावे इंडिया गेटवर असतील. इंडिया गेट १९३१ मध्ये उभे राहिले ते त्या युद्धात कामी आलेल्या सर्वच भारतीय सैनिकांसाठी, आणि त्यांची संख्या सुमारे ७४ हजार आहे. कमानीवर कोरलेली नावे मात्र तेरा हजारांच्या आसपास असून ती प्रामुख्याने वायव्य सरहद्दीवर आणि १९१९ च्या अफगाण युद्धात गेलेल्यांची आहेत. बाकीची नावे परदेशात विखुरलेली आहेत. इजिप्त आणि पॅलेस्टाइनमध्ये मेलेल्या जवळजवळ चार हजार भारतीयांचे स्मारक आधी सुएझजवळ पोर्ट तौफिक येथे होते. १९६७ ते १९७३ च्या अरब-इस्रायल संघर्षात ते उद्ध्वस्त झाले, आणि १९८० मध्ये ती नावे कैरोजवळ हेलिओपोलिसच्या युद्धस्मशानभूमीत नव्याने लावली गेली. मेसोपोटेमियातली गोष्ट याहून दुःखद आहे. बसऱ्याच्या स्मारकावर गोऱ्या शिपायाचे नाव कोरले गेले, भारतीय अंमलदाराचेही कोरले गेले, पण साध्या भारतीय शिपायाच्या वाट्याला पलटणीच्या नावाखाली फक्त एक आकडा आला. ज्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनकडे हे काम होते, त्यानेच २०२१ मध्ये आपल्या अहवालात कबूल केले की भारतीय, आफ्रिकी आणि इजिप्शियन अशा किमान ४५ हजार मृतांना गोऱ्या सैनिकांप्रमाणे स्मरणाचा समान मान मिळाला नाही. आणखी एक लाख सोळा हजार किंवा त्याहून अधिक माणसांची नावे कदाचित कुठेच लिहिली गेली नाहीत. या ओळी मी प्रथम वाचल्या तेव्हा मला पुढे वाचवेना.

तरीही याच कमिशनच्या नोंदवह्यांतून बरेच काही हाती लागू शकते. भारतीय शिपायांच्या अनेक नोंदींत अमुकचा मुलगा, राहणार अमुक गाव, अमुक तहसील, असा मजकूर आहे. अडचण आहे ती लिखाणाची. पलटणीच्या कारकुनाने शिपायाच्या तोंडून ऐकलेले गावाचे नाव इंग्रजीत जसे जमले तसे उतरवले आहे. भिंडकडे 'पुरा' हे शेपूट लावलेली गावे इतकी आहेत की इंग्रजी स्पेलिंगवरून गाव नेमके ठरवणे दिल्लीत किंवा लंडनमध्ये बसलेल्या माणसाला शक्य नाही. ते फक्त त्या तहसिलीतला माणूसच सांगू शकतो, आणि तोही वडिलांचे नाव आणि घराणे विचारून.

असे काम होऊ शकते याचा पुरावा पंजाबात आहे. महायुद्ध संपल्यावर पंजाब सरकारने गावोगावच्या सैनिकांच्या नोंदवह्या तयार करवल्या होत्या. शिपायाचे नाव, वडिलांचे नाव, जात, पलटण, नोकरी, जखमी झाला की मेला, हे सगळे गावाच्या मथळ्याखाली लिहिलेले. या वह्या लाहोरच्या वस्तुसंग्रहालयात जवळजवळ शंभर वर्षे न वाचता पडून होत्या. २०२१ मध्ये त्यांतल्या काही जिल्ह्यांच्या वह्या संगणकावर आणून सर्वांसाठी खुल्या करण्यात आल्या तेव्हा सर्व वह्यांत मिळून सुमारे तीन लाख वीस हजार नोंदी असल्याचे समोर आले, आणि परदेशात स्थायिक झालेल्या नातवंडांना आपल्या पणजोबांची नावे गावासकट सापडली. भिंड-मुरैन्यासाठी अशी तयार वही आपल्या हाती नाही, त्यामुळे ती आता आपल्यालाच लिहावी लागेल.

'आपण' म्हणताना माझ्या मनात ग्वाल्हेरचे मराठी लोकही आहेत. आपण शहराच्या ज्या लश्कर भागात राहतो तो दौलतराव शिंद्यांनी १८१० च्या सुमारास टाकलेल्या फौजेच्या तळावर वसलेला आहे, आणि आपल्यापैकी अनेकांचे पूर्वज फौजेबरोबरच दक्षिणेतून इकडे आले. बुराडी घाटावर दत्ताजी पडले तो दिनांक आपल्या घरांतली लहान मुलेही सांगतात. पण पानिपतानंतर दक्षिणेकडे निघालेले ते प्रसिद्ध सांकेतिक पत्र आठवा. त्यात गळालेल्या मोत्यांचा आकडा आहे, हरवलेल्या मोहरांचा आकडा आहे, आणि चांदी-तांब्याच्या खुर्द्याविषयी मात्र 'गणती नाही' एवढेच आहे. आपल्या इतिहासात शिपाई तेव्हापासून असाच अगणित राहिला. २९ डिसेंबर १८४३ रोजी महाराजपूर आणि पनिहार येथे ग्वाल्हेरची फौज इंग्रजांशी एकाच दिवशी दोन ठिकाणी लढली. इंग्रजांनी आपल्या मृतांसाठी कलकत्त्यात हुगळीच्या काठी स्मारक बांधले आणि आपल्या सैनिकांना ताऱ्याच्या आकाराची पदके दिली. ती पदके आपल्याच फौजेच्या हस्तगत केलेल्या तोफांच्या धातूची होती. आपल्या बाजूने तोफांशेजारी उभे राहून जे मेले त्यांची नावे कोरलेली पाटी मला महाराजपुरात दिसली नाही. देशावरच्या गावांत देवळाबाहेर वीरगळ तरी उभे असतात. खालच्या चौकटीत झुंज, मध्ये अप्सरांबरोबरचे स्वर्गारोहण, वर शिवपूजा आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. त्यांवरही नाव क्वचितच असते, पण दगड गावातच असल्यामुळे हा कोणाचा पूर्वज हे गाव सांगत आले. मला भिंड-मुरैन्याच्या यादीतही हाच गाव हवा आहे.

या कामात आपण मराठी लोक एक गोष्ट विशेष करू शकतो. दरबारच्या जुन्या कागदांत हिंदीबरोबर मोडीही आहे, आणि मोडी वाचणारी माणसे अजून लश्करात आहेत. पगारपत्रके, इनामाचे आणि पेन्शनीचे कागद, विधवेने केलेला अर्ज, यांत शिपायाच्या गावाचे नाव मिळण्याची शक्यता सर्वांत अधिक असते, आणि ते देशी लिपीत असल्यामुळे इंग्रजी स्पेलिंगचा घोळ तिथे नसतो.

दुसरे काम कोणत्याही घरात होऊ शकते. पहिल्या महायुद्धाचे चांदीचे गोल पदक घरात असेल तर ते उजेडात आडवे धरून त्याची कड पाहावी. कडेवर बारीक अक्षरांत क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. तळहाताहून मोठी, सुमारे बारा सेंटिमीटर व्यासाची काशाची चकती असेल, तिच्यावर सिंहाशेजारी उभी असलेली ब्रिटानिया आणि चौकटीत उठावदार अक्षरांत एकच नाव असेल, तर ती मृत सैनिकाच्या वारसांना दिलेली चकती आहे. तिच्यावर हुद्दा नसतो, कारण मरणात सुभेदार आणि शिपाई असा भेद करायचा नाही असे तेव्हा ठरले होते. अशी पदके आणि चकत्या सराफ्यात किंवा भांड्यांच्या दुकानात वजनावर मोडीत घातल्या गेल्याचे मी ऐकले आहे. ज्यांना विकायचे असेल त्यांना मी दोष देत नाही, गरज सगळ्यांनाच असते. पण विकण्यापूर्वी कडेवरची अक्षरे कागदावर उतरवून घ्यावीत, आणि त्याखाली घरात माहीत असेल ते सगळे लिहावे: वडिलांचे नाव, गाव, तहसील, कुठे गेला, तार कधी आली.

आम्ही काही जणांनी मेहगाव तहसील आधी घेतली आहे. १९६२ पासून १९७१ पर्यंतची नावे प्रथम लिहिली जातील, कारण ती ज्यांना ठाऊक आहेत त्यांची वये ऐंशीच्या घरात आहेत. महायुद्धाचे कागद मात्र आणखी थोडे थांबू शकतात. नोंद देवनागरीत होईल, गावाचे नाव गावकरी जसे उच्चारतात तसेच लिहिले जाईल, आणि पूर्ण झालेल्या यादीची एक प्रत त्या त्या गावच्या शाळेत व पंचायतीत ठेवली जाईल. ज्यांची मुले-सुना-जावई भिंड, मुरैना किंवा श्योपूरकडे नोकरीला आहेत, त्यांनी तिथल्या निवृत्त फौजींशी बोलून घ्यावे. हे लोक मोकळेपणाने सांगतात, फक्त विचारणारा घाईत नसावा.