आमची वाटचाल : दोन फळ्या आणि एक बिजागरी

आमचा कारखाना म्हणजे एक लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि दोन माणसं. धाकट्या भावाचा हात लोखंडावर बसलेला, माझी नजर लहानपणापासून आकाशाला लागलेली. हौशी आकाशछायाचित्रकारांना लागणारी छोटी साधनं आम्ही बनवतो.

सुरुवात झाली ती डिसेंबर २०१८ मध्ये, विर्तानेन धूमकेतूमुळे. १६ तारखेला तो पृथ्वीपासून सव्वा कोटी किलोमीटरपेक्षाही जवळून गेला. तेव्हा कृत्तिकांच्या शेजारी असलेला हा पाहुणा आठवड्याभरात ब्रह्महृदयापाशी पोहोचला. त्याचं फिकट हिरवं वलय (कार्बनच्या दोन अणूंच्या रेणूमुळे येतो तो रंग) मला कॅमेऱ्यात हवं होतं. पण असा मंद उजेड साठायला वेळ लागतो, आणि नुसत्या ट्रायपॉडवर तेवढ्या वेळात ताऱ्यांच्या रेघा होतात, कारण पृथ्वी फिरत असते.

भावाने दोन फळ्या बिजागरीने जोडल्या. खालची ट्रायपॉडवर घट्ट, वरचीवर कॅमेरा, आणि दोन्ही फळ्यांमधून आट्यांचा एक दांडा. बिजागरी ध्रुवाकडे रोखायची आणि दांड्यावरचा नट फिरवत राहायचं, की वरची फळी आकाशाच्या वेगाने उघडते. बार्न डोअर ट्रॅकर म्हणतात तो हाच. एम ६ (सहा मिलिमीटर जाडीच्या) दांड्याच्या दोन आट्यांमध्ये एक मिलिमीटर अंतर असतं. बिजागरी आणि दांडा २२८.५ मिलिमीटरवर ठेवले, की मिनिटाला एक फेरा बरोबर बसतो. त्या रात्री घड्याळ समोर ठेवून मी हातानेच नट फिरवला, दर पंधरा सेकंदांनी पाव फेरा. फोटोत तारे ठिपक्यांसारखे आले. ओळखीतल्या निरीक्षकांनी तो फोटो पाहून यंत्राची चौकशी केली आणि आम्ही धंद्यात उतरलो.

पहिली खेप मात्र फसली. जुलै २०२० मध्ये निओवाइज धूमकेतू नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. मागणी आली, आम्ही घाईने मोटरवर चालणारे ट्रॅकर पाठवले आणि आठवड्यात तक्रारी सुरू झाल्या : तारे लांबट येतात. मोटर बदलून पाहिली, गिअर तपासले, काही सापडेना. शेवटी भावाने विचारलं, "ताई, तू माप कुठून धरलंस?" मी ते फळीच्या कडेपासून धरलं होतं. धरायला हवं होतं बिजागरीच्या खिळ्याच्या मध्यापासून. फरक चार मिलिमीटरचा. सुतारकामात तो खपून जातो, पण दोन मिनिटांत आकाश अर्धा अंश सरकतं, म्हणजे चंद्राच्या रुंदीएवढं. त्यात पावणेदोन टक्क्यांची चूक तीस विकलांवर (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) जाते, आणि १३५ मिलिमीटरच्या लेन्सला ती स्पष्ट दिसते.

सगळे ट्रॅकर आम्ही बदलून दिले. धूमकेतू बदलून देता आला नाही. निओवाइज परत यायला सहा हजारांहून जास्त वर्षं लागतील. एका ग्राहकाने फोनवर फक्त एवढंच म्हटलं, "तेवढ्या चार रात्रीच मोकळ्या होत्या हो." ते वाक्य अजून माझ्या कानात आहे.

त्यानंतर ठरवलं, आकाशाखाली तपासल्याशिवाय एकही यंत्र बाहेर जाणार नाही. १३५ ची लेन्स, दोन मिनिटांचा फोटो, आणि समोर मृगातला बाण किंवा श्रवण. खगोलीय विषुववृत्ताजवळच्या (पृथ्वीच्या विषुववृत्ताच्या बरोबर वरच्या आकाशातल्या रेषेजवळच्या) ताऱ्यांची चाल सर्वात जास्त, त्यामुळे चूक तिथे लपत नाही. ढग असले तर माल थांबतो. यामुळे काही मागण्या हातच्या गेल्या, त्याची खंत नाही.

सरळ दांड्याची आणखी एक खोड असते : फळी उघडत जाते तसा वेग थोडा थोडा चुकत जातो. भावाने दांडा गोलाईत वाकवून पाहिला, पण आतल्या बाजूचे आटे दबले आणि नट अडला. आता दांडा सरळच आहे, मोटरचा वेग मिनिटागणिक किती बदलायचा ते कंट्रोलरमध्ये भरलेलं असतं.

ग्रहांसाठी मात्र आमचा ट्रॅकर घेऊ नका, हे आम्ही विचारणाऱ्या प्रत्येकाला आधीच सांगतो. तिथे दुर्बीण आणि व्हिडिओचं काम. हजारो फ्रेम घ्यायच्या, हवा क्षणभर स्थिरावली तेव्हाच्या नेमक्या निवडायच्या आणि एकावर एक रचायच्या. गुरू दहा तासांच्या आतच स्वतःभोवती फिरतो, म्हणून दोन-तीन मिनिटांहून लांब व्हिडिओत त्याचे पट्टे पुसट होऊ लागतात. या लोकांसाठी आम्ही बाख्तिनोव्ह मास्क कापू लागलो. पावेल बाख्तिनोव्ह या रशियन हौशी निरीक्षकाने २००५ मध्ये शोधलेली ही खाचांची जाळी. दुर्बिणीच्या तोंडावर ती बसवून तेजस्वी तारा पाहिला की तीन किरण दिसतात. मधला किरण बरोबर मध्ये आला, की फोकस जमला. मग मास्क काढायचा आणि दुर्बीण ग्रहाकडे वळवायची.

चंद्राबद्दल विचारणारे बहुतेक जण पौर्णिमेची वाट पाहत असतात. मी त्यांना अष्टमीला या म्हणते. उजेड-अंधाराच्या सीमेवर सावल्या लांब पडतात, आणि क्लेव्हियससारख्या विवराच्या पोटातली छोटी विवरं उठून दिसतात. पौर्णिमेला तीच जागा सपाट वाटते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू आला, तेव्हा ट्रॅकर दोन महिने आधीच तपासून तयार होते. चार रात्रींवाल्या त्या ग्राहकानेही फोटो पाठवला. मुख्य शेपटी वर गेलेली, आणि खाली सूर्याच्या दिशेने सुईसारखी बारीक प्रतिशेपटी. मी फोटो मोठा करून आधी कोपऱ्यातले तारे पाहिले. गोल होते.