सातव्या महिन्यात बडोद्याला येऊन बाहेर फोटो काढताना : माझा अनुभव

परदेशातून माहेरी येऊन दोहाळजेवण आणि बागेतले फोटो दोन्ही उरकायचे, तर आधी तिकीट बघावं लागतं, कॅमेरा नंतर. बहुतेक विमान कंपन्या 28 आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र मागतात आणि 36 नंतर घेतच नाहीत. जुळी असतील तर मुदत आणखी आधी संपते. आठवडे परतीच्या दिवशीचे मोजायचे. म्हणून मी 29वा आठवडा धरला. पोट नीट दिसतं, उभं राहायला फार दम लागत नाही आणि परतीला सवड उरते. पत्रात प्रसूतीची अंदाजे तारीख हवी.

डिसेंबरच्या मध्यापासून 14 जानेवारीपर्यंत गुजरातेत कमुरतां असतात, लग्नं थांबतात, त्यामुळे चांगला फोटोग्राफर मोकळा सापडतो. उत्तरायणाचे, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांचे दिवस मात्र सोडा. झाडांतून मांजा लोंबतो, गच्च्यांवरच्या भोंग्यांत एकमेकांचं बोलणंही ऐकू येत नाही.

बडोद्यात त्या दिवसांत सूर्य सव्वासातच्या आसपास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. मी सकाळची आठ ते साडेनऊची वेळ घेतली. पायाला सूज कमी असते, बोटात अंगठी जाते, डासही कमी.

जागा म्हणून सगळे कमाटीबागच सुचवतात. सयाजीराव महाराजांची 1879 सालची बाग, सावली भरपूर. पण दोहाळजेवणाची साडी हिरवी आणि मागे हिरवळ, म्हणजे फोटोत नुसता चेहरा तरंगतो. शिवाय गवतावरून उलटलेला उजेड हनुवटीखाली हिरवट छटा आणतो, ती नंतर काढताना त्वचेचा रंगही बिघडतो. उपाय साधा आहे. वडाचं खोड किंवा दगडी पायऱ्या मागे घ्या आणि चौकटीबाहेर, पायांसमोर पांढरी चादर अंथरा. हनुवटीखाली स्वच्छ उजेड येतो. व्यावसायिक कॅमेऱ्याच्या परवानगीचं बागेच्या कार्यालयात आधी विचारून घ्या. विश्वामित्रीच्या काठाशी उतरू नका, तिथे मगरी आहेत. कीर्तिमंदिर सुंदर आहे, पण ती गायकवाड घराण्यातल्या दिवंगतांची स्मारकवास्तू. घरातली मोठी माणसं नाक मुरडतील, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे. चांपानेरचे जुने अवशेष पन्नासेक किलोमीटर लांब, या अवस्थेत मी सुचवणार नाही.

ब्लाउज परदेशातून माप पाठवून शिवून घेत असाल तर दोन्ही बाजूंना दीड-दोन इंच माया सोडायला सांगा. माप पाठवल्यापासून फोटोपर्यंत छाती वाढतेच. नऊवारीची गाठ पोटावर दाबते. ती शिवलेली, इलॅस्टिकची घ्या किंवा सहावारी पोटाखाली नेसा. फुलांचे दागिने शेवंती-निशिगंधाचे करा, मोगऱ्याचे हे दिवस नव्हेत. रात्री ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवले की सकाळी टवटवीत राहतात. धनुष्यबाण, चंद्रकोर हे सामान घरच्या समारंभालाच ठेवा; बागेत झोपाळा पुरतो, तोही दोर्‍या ओढून तपासल्यावर.

उभं राहताना कॅमेऱ्याला बाजू द्यायची, भार मागच्या पायावर, पुढचा गुडघा किंचित वाकवायचा. एक हात पोटाखाली, एक वर. समोरून काढलं की पोट सपाट वाटतं. गवतावर पाठीवर आडवं होण्याची पोझ सांगितली तर नाही म्हणा. गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर येतो आणि चक्कर येते. डाव्या कुशीवर चालतं. दर वीसेक मिनिटांनी बसायचं, पाणी प्यायचं, आणि शौचालय कुठे आहे ते कपडे बदलण्याआधी बघून ठेवायचं.

एकटीचे फोटो 85 मिमी लेन्सने, छिद्र (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक; आकडा लहान तितकी मागची बाजू धूसर) एफ 2 च्या आसपास. नवरा शेजारी असेल तर एफ 4, नाहीतर दोघांपैकी एकाचा चेहरा धूसर येतो. रॉ फाइल (कॅमेऱ्याने टिपलेली, प्रक्रिया न केलेली) घ्या, म्हणजे साडीचा जरीकाठ उन्हात पांढरा पडला तरी थोडाफार परत आणता येतो. बडोद्याहून निघण्याआधी मूळ फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि दोन-चार उघडून बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो आकाराने घटतात. मोबाइलवर ठीक दिसतात, छापायला गेलं की फाटतात.